टिकटॉक आणि डोयिन, वीचॅट आणि वेइशिन: चिनी ॲपचं घरचं रूप आणि बाहेरचं रूप (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चीनमधून माल मागवणारे व्यापारी, तिथे वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेली मुलं आणि त्यांचे पालक, कामानिमित्त शेनझेन-शांघायला जाणारे इंजिनियर, आणि भारतातल्या २०२० च्या चिनी ॲपबंदीनंतर 'नेमकं काय बंद आहे' या प्रश्नावर अडकलेले बाकी सगळे, अशांसाठी हे पान आहे. वाचताना एक गोष्ट धरून ठेवा. ॲपचं नाव काय, कंपनी कुठली, यापेक्षा तुमचं खातं कोणत्या देशाच्या नंबरवर उघडलंय याला जास्त महत्त्व आहे. बहुतेक घोळ तिथेच होतात.

चीनमध्ये टिकटॉक चालतं का?

नाही. टिकटॉक हे बीजिंगच्या बाइटडान्स कंपनीचं अपत्य असलं, तरी चीनच्या मुख्य भूमीत ते ॲप स्टोअरवर मिळत नाही आणि चिनी सिम असलेल्या फोनवर चालत नाही. तिथे त्याच कंपनीचं डोयिन आहे. डोयिन आधी आलं, सप्टेंबर २०१६ मध्ये. बाहेरच्या देशांसाठीचं टिकटॉक २०१७ मध्ये आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने म्युझिकली हे छोट्या व्हिडिओंचं ॲप विकत घेतलं, ऑगस्ट २०१८ मध्ये ते टिकटॉकमध्ये विलीन केलं, आणि अमेरिकेतला तयार प्रेक्षक आयता हाती आला.

हाँगकाँगमध्ये टिकटॉक होतं. राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाल्यावर जुलै २०२० मध्ये कंपनीने तिथूनही ते काढून घेतलं.

डोयिन आणि टिकटॉक दिसायला सारखीच आहेत. मग फरक काय?

वर-खाली सरकवायचा पडदा, उजवीकडचं बदाम, खाली गाण्याचं नाव, हे सगळं सारखं आहे. आतला संसार मात्र पूर्ण वेगळा. डोयिनचं खातं टिकटॉकवर चालत नाही, एकीकडचा व्हिडिओ दुसरीकडे आपोआप दिसत नाही, शोधही एकमेकांत लागत नाही. टिकटॉकवर डोयिनचा व्हिडिओ दिसला, तर कुणीतरी तो उतरवून पुन्हा चढवलाय असं समजा. त्या खात्याला मेसेज करून मूळ माणूस सापडत नाही.

मोठा फरक आहे तो ॲपवर काय काय करता येतं याचा. चीनमध्ये डोयिन हे बाजारपेठेचं ॲप झालंय. हॉटेलातल्या जेवणाची सवलतीची कुपनं, केस कापायचं बुकिंग, भाजीपासून फ्रिजपर्यंतची खरेदी, आणि पैसे द्यायला स्वतःची डोयिन पे सेवा, सगळं तिथेच. ऑक्टोबर २०२० पासून थेट प्रक्षेपणात बाहेरच्या दुकानांच्या वस्तूंच्या लिंक देणंही बंद केलं. म्हणजे विक्रेत्याने ताओबाओ या खरेदीच्या ॲपवरचं दुकान डोयिनवर दाखवून गिऱ्हाईक तिकडे न्यायचं, हा रस्ता बुजला. विकायचं तर डोयिनच्याच दुकानातून.

टिकटॉकला हे प्रत्येक देशात वेगवेगळ्या कायद्यांशी झगडत उभं करावं लागतं. इंडोनेशियाचंच बघा. तिथल्या सरकारने सोशल मीडियावरून थेट विक्रीला मनाई केली आणि ४ ऑक्टोबर २०२३ ला टिकटॉक शॉप बंद करावं लागलं. मग डिसेंबरमध्ये टिकटॉकने तिथल्या टोकोपीडिया या कंपनीत ७५ टक्क्यांहून थोडा जास्त हिस्सा घेतला आणि त्या दारातून दुकान पुन्हा उघडलं. अमेरिकेत दुकान सुरू झालं सप्टेंबर २०२३ मध्ये. त्यामुळे 'टिकटॉकवर असं करता येतं' असं एखाद्या इंग्रजी व्हिडिओत ऐकलं, तर तो व्हिडिओ कोणत्या देशातून केलाय ते आधी बघा.

चिनी मुलांना विज्ञान दाखवतात आणि बाकी जगाला नाचगाणी, हे खरं आहे का?

अर्धवट खरं आहे, आणि उरलेलं अर्धं सोडून दिल्यामुळे ते दिशाभूल करतं. सप्टेंबर २०२१ पासून डोयिनवर खऱ्या नावाने नोंद असलेल्या १४ वर्षांखालच्या मुलांना सक्तीने बालमोड लागतो. दिवसाला ४० मिनिटं, तीही सकाळी ६ ते रात्री १० याच वेळात. त्या मोडमध्ये विज्ञानाचे प्रयोग, संग्रहालयं, निसर्ग, इतिहास असा निवडक मजकूर असतो.

पण १४ च्या पुढच्या माणसाचं डोयिन उघडून बघा. नाच, विनोद, घरगुती भांडणांची नाट्यं, नटनट्यांच्या भानगडी, रात्रभर चालणारी विक्री, सगळं भरपूर आहे. शिवाय अनेक मुलं आजी-आजोबांच्या फोनवरून बघतात, म्हणजे वयाचा प्रश्नच निकालात.

टिकटॉकने मार्च २०२३ मध्ये १८ खालच्यांसाठी दिवसाला ६० मिनिटांची मर्यादा जाहीर केली. ती ओलांडायची असेल तर मुलाने स्वतःच पासकोड टाकायचा असतो. एकीकडे कुलूप, दुसरीकडे नुसतं स्मरणपत्र, इतका फरक. तो अल्गोरिदममधून आलेला नाही, तिथल्या सरकारी नियमांमुळे आणि ओळखपत्राशी जोडलेल्या खात्यांमुळे आलेला आहे.

वीचॅट आणि वेइशिन एकच की दोन?

ॲप एक, सेवा दोन. गोंधळ व्हावा अशीच रचना आहे म्हणा ना. टेन्सेंट या चिनी कंपनीने जानेवारी २०११ मध्ये वेइशिन हे मेसेजिंगचं ॲप सुरू केलं आणि एप्रिल २०१२ मध्ये बाहेरच्या जगासाठी त्याला वीचॅट हे नाव दिलं. डोयिन-टिकटॉकसारखी इथे भिंत नाही. दोन्हीकडचे लोक एकमेकांना मेसेज करू शकतात, फोन करू शकतात, एकाच ग्रुपमध्ये असू शकतात.

पण चीनच्या +८६ नंबरवर खातं उघडलं असेल तर तुम्ही वेइशिनचे ग्राहक. तुमचा करार शेनझेनमधल्या टेन्सेंटशी आणि लागू कायदा चीनचा. बाहेरच्या नंबरवर उघडलं असेल तर वीचॅट. करार सिंगापूरमधल्या कंपनीशी आणि गोपनीयतेचं धोरणही वेगळं. दुबईतला व्यापारी आणि ग्वांगझोउचा पुरवठादार एकाच चॅटमध्ये बोलत असतात, तेव्हा दोघांना दोन वेगळे नियम लागू असतात.

चिनी सिमवर खातं उघडलं होतं. आता नंबर बदलून भारतातला किंवा दुबईचा टाकला. आता मी वीचॅटवाला झालो का?

नंबर बदलला म्हणजे सगळं बदललं असं धरून चालू नका. टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने २०१६ मध्ये तपासलं, तेव्हा चिनी नंबरवर उघडलेल्या खात्यावरची शब्दांची गाळणी (ठरावीक शब्द असलेले मेसेज अडवणं) नंतर परदेशी नंबर जोडला तरी तशीच राहत होती. सप्टेंबर २०२१ मध्ये टेन्सेंटने असा नंबर बदललेल्यांना, वेइशिन ठेवायचं की वीचॅटच्या अटींवर जायचं, असं विचारायला सुरुवात केली. अशी सूचना समोर आली तर घाईत पहिलं बटण दाबू नका. वीचॅटकडे गेलात की चीनमधल्या काही सेवा आणि खाती हाताबाहेर जाऊ शकतात. चीनमध्ये राहत असाल, पगार-भाडं त्यावरून चालत असेल, तर वेइशिनवर राहणंच सोयीचं. कायमचे परतला असाल तर उलट.

मेसेज गेला असं दिसतं, पण समोरच्याला मिळालाच नाही. असं का होतं?

आधी साधी कारणं तपासा, बहुतेक वेळा तीच निघतात. मेसेजशेजारी लाल उद्गारचिन्ह आणि खाली मैत्रीची विनंती पुन्हा पाठवायची सूचना आली, तर समोरच्याने तुम्हाला यादीतून काढलंय. लाल चिन्ह आणि 'मेसेज नाकारला' असा मजकूर आला, तर ब्लॉक केलंय. नुसतं लाल चिन्ह असेल तर नेटवर्क.

काहीच चिन्ह नाही, तुमच्या पडद्यावर मेसेज नीट दिसतोय आणि समोर पोचलाच नाही, असं असेल तर गाळणीची शंका घ्या. समोरचं खातं चिनी नंबरवरचं असेल, तर ठरावीक शब्द एकत्र आले की तो मेसेज वाटेतच गळतो. पाठवणाऱ्याला कळत नाही, घेणाऱ्यालाही नाही. सिटिझन लॅबच्या २०१६ च्या तपासणीत असंही दिसलं की दोघांच्या चॅटपेक्षा ग्रुपमध्ये जास्त शब्द अडवले जातात. एकटा शब्द चालतो, पण दुसऱ्या दोन शब्दांबरोबर आला की चालत नाही, म्हणून अंदाज बांधणं अवघड. चित्रंही तपासली जातात. सिटिझन लॅबच्या २०२० च्या अहवालानुसार चीनबाहेरच्या खात्यांनी एकमेकांना पाठवलेली चित्रं आणि कागदपत्रंसुद्धा तपासून, त्यातून चिनी खात्यांसाठीची गाळणी आणखी बारीक केली जात होती.

व्यवहारात काय करायचं? बातमीची लिंक, राजकारणावरचा विनोद, सीमेचा नकाशा असलं काही कामाच्या मजकुरात मिसळू नका, कारण एका ओळीपायी सगळा मेसेज जातो. दर, प्रमाण आणि माल पाठवायची तारीख नेहमी ईमेलवरही घ्या. आणि लक्षात असू द्या, वीचॅटवर व्हॉट्सॲपसारखी दोन टोकांमधली कूटबद्धता (मेसेज मधल्या कुणाला, कंपनीलाही, वाचता न येणं) नाही.

नवीन वीचॅट खातं उघडताना 'मित्राकडून कोड स्कॅन करून घ्या' असं का म्हणतं?

बनावट खाती रोखण्यासाठी. आधीपासून वीचॅटवर असलेल्या कुणीतरी तुमच्या पडद्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो. त्या माणसाचं खातं पुरेसं जुनं हवं, नुकतंच अडकलेलं नको, आणि त्याने अलीकडे दुसऱ्या कुणाला अशी मदत केलेली नको. अट पूर्ण नसेल तर त्याच्याच फोनवर तसं दिसतं. मग दुसरा माणूस शोधायचा.

पैसे घेऊन स्कॅन करून देणारे अनोळखी लोक नेटवर भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. तुमचं खातं त्यांच्याशी जोडलं जातं आणि त्यांच्याकडची खाती धडाधड अडवली जातात, तेव्हा तुमचंही जातं. उलट बाजूनेही तेच. अनोळखी माणसासाठी तुम्ही कोड स्कॅन केलात आणि त्याने फसवणूक केली, तर बालंट तुमच्या खात्यावर.

नवीन खातं पहिल्या काही दिवसांतच अडकण्याची नेहमीची कारणं: एकदम खूप अनोळखी लोकांना जोडणं, तोच मजकूर वीसजणांना चिकटवणं, आणि व्हीपीएनमुळे तासाभरात तीन देशांतून आत आल्यासारखं दिसणं. खातं उघडलं की आधी दोन-चार ओळखीच्या लोकांशी साधं बोलत राहा.

व्हॉट्सॲपची सवय असलेल्याला वीचॅटवर कुठे ठेच लागते?

सगळ्यात आधी बॅकअपला. वीचॅटचं संभाषण फोनमध्येच राहतं. नवीन फोनवर लॉगिन केलं की यादी येते, जुनी चॅट येत नाहीत. जुना फोन विकण्याआधी दोन्ही फोन एकाच वाय-फायवर घ्या, जुन्या फोनवर सेटिंग्जमध्ये चॅट स्थलांतराचा पर्याय उघडा, हवी ती संभाषणं निवडा आणि नव्या फोनने कोड स्कॅन करा. स्थलांतर संपेपर्यंत दोन्ही पडदे चालू ठेवा, मध्येच स्क्रीन लॉक झाली की काम थांबतं. जुना फोन हरवला किंवा फुटला तर ती चॅट गेली.

दुसरी ठेच फायलींना. आलेली फाइल किंवा व्हिडिओ वेळेत उघडला नाही, तर काही दिवसांनी तो कालबाह्य होतो. पुरवठादाराने पाठवलेलं बिल 'नंतर बघू' म्हणून ठेवलं की पुन्हा मागायची नामुष्की. आलं की लगेच उतरवून घ्या.

बाकी बारीकसारीक गोष्टी: निळ्या टिक्स नाहीत, 'शेवटचं कधी पाहिलं' नाही. पाठवलेला मेसेज परत घ्यायला फक्त २ मिनिटं. ग्रुपमध्ये जास्तीत जास्त ५०० माणसं. ग्रुपचा क्यूआर कोड ७ दिवस चालतो आणि २०० माणसं झाली की कोडने प्रवेश बंद होतो, मग आतल्या कुणीतरी बोलवावं लागतं. प्रदर्शनाच्या स्टॉलवर ग्रुपचा कोड छापून लावणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावं. आणि हो, तो साधा हसरा पिवळा चेहरा चीनमधल्या तरुणांना पाठवू नका. त्यांच्यात तो कुत्सित किंवा 'बरं, पुरे आता' असा वाचला जातो.

शाओहोंगशू आणि रेडनोट ही दोन वेगळी ॲप आहेत का?

नाही, एकच. बाहेरच्या ॲप स्टोअरवर त्याचं नाव रेडनोट आहे. २०१३ मध्ये शांघायमध्ये सुरू झालेलं हे ॲप सौंदर्यप्रसाधनं, प्रवास, पाककृती, घरसजावट यांच्या अनुभवांसाठी वापरलं जातं. चिनी तरुण आज एखादं ठिकाण किंवा वस्तू कशी आहे हे शोधायला बऱ्याचदा थेट इथेच येतात. शीर्षकात नेमकी जागा, किंमत, मोसम लिहिलेली पोस्ट इथे चालते. नुसता सुंदर फोटो नाही.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतली टिकटॉकबंदी १९ तारखेला लागू होणार म्हणून तिथले असंख्य लोक इकडे धावले. काही दिवसांतच ॲपने भाषांतराचं बटण जोडलं. पण चीनमधले आणि बाहेरचे यांच्यात भिंत नसल्यामुळे इथे उलटा प्रश्न येतो: परदेशी माणसाच्या पोस्टलाही चीनचेच नियम. टिकटॉकवर सहज चालणारी पोस्ट इथे 'नियमभंग' म्हणून गायब होते आणि बऱ्याचदा नेमका कोणता नियम मोडला तेही धड सांगितलं जात नाही.

वेइबोची 'आंतरराष्ट्रीय आवृत्ती' घेतली तर सेन्सॉरशिप कमी असते का?

मुळीच नाही. वेइबो हे ट्विटरसारखं चिनी ॲप. ती आवृत्ती म्हणजे तेच वेइबो, कमी जाहिराती आणि सुटसुटीत मांडणीसह. खाती, पोस्ट, नियम सगळं एकच. 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द पाहून लोक फसतात. ऑगस्ट २००९ मध्ये सिनाने वेइबो सुरू केलं तेव्हा १४० अक्षरांची मर्यादा होती, ट्विटरसारखी. चिनी लिपीत १४० अक्षरांत छोटा परिच्छेद मावतो, तरी २०१६ मध्ये ती २,००० वर नेली.

चिनी ॲपवर टोपणनाव घेता येतं का?

पडद्यावर घेता येतं, कंपनीकडे नाही. १ जून २०१७ पासूनच्या सायबर सुरक्षा कायद्याने खऱ्या ओळखीची नोंद बंधनकारक आहे. प्रत्यक्षात ती मोबाइल नंबरातून होते, कारण चीनमध्ये सिम ओळखपत्राशिवाय मिळत नाही. थेट प्रक्षेपण, दुकान किंवा पैशांचे व्यवहार करायचे तर ओळखपत्राची आणखी एक पायरी चढावी लागते, आणि बाहेरचे लोक बहुधा इथेच अडकतात.

एप्रिल २०२२ च्या अखेरीपासून वेइबोने प्रत्येक पोस्ट-प्रतिक्रियेखाली आयपीवरून कळणारं ठिकाण दाखवायला सुरुवात केली. डोयिन, शाओहोंगशू आणि प्रश्नोत्तरांचं झिहू यांनीही तेच केलं. चीनमधल्यांचा प्रांत दिसतो, बाहेरच्यांचा देश. वापरणाऱ्याला हे बंद करता येत नाही. मुंबईत बसून 'शांघायचा रहिवासी' म्हणून लिहिलंत तर खाली 'भारत' दिसणारच. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी आणखी एक पाऊल पडलं. अर्थकारण, राजकारण, कायदा, आरोग्य अशा विषयांवर लिहिणाऱ्या, पाच लाखांहून अधिक अनुयायी असलेल्या खात्यांचं खरं नाव जाहीरपणे दाखवायचं, असं मोठ्या ॲपनी जाहीर केलं. अनेकांनी ते टाळायला विषय सोडले किंवा अनुयायी कमी केले.

ही फक्त चीनची रीत आहे असंही आता म्हणता येत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून एक्सनेही (आधीचं ट्विटर) खात्यामागचा देश दाखवायला सुरुवात केली.

मित्राने डोयिनची लिंक वीचॅटवर पाठवली, पण अक्षरं-चिन्हांची विचित्र रांगच आली. ती कशी उघडायची?

ती रांगच लिंक आहे. चिनी कंपन्या एकमेकांच्या लिंक वर्षानुवर्षं अडवत आल्या. वीचॅट आणि ताओबाओ यांचं वैर २०१३ पासूनचं. त्यावर तोडगा म्हणून हा सांकेतिक मजकूर निघाला. सगळा मजकूर कॉपी करायचा, एकही अक्षर न गाळता, आणि संबंधित ॲप उघडायचं. ते क्लिपबोर्ड वाचून नेमका व्हिडिओ किंवा वस्तू समोर आणतं. फोनने क्लिपबोर्ड वाचायची परवानगी विचारली आणि तुम्ही नाकारली, तर काहीच होत नाही. मग ॲपमधल्या शोधपट्टीत तो मजकूर चिकटवून पाहा. सप्टेंबर २०२१ मध्ये चीनच्या उद्योग मंत्रालयाने कंपन्यांना लिंक मोकळ्या करायला सांगितल्या. तेव्हापासून काही उघडतात, पण सवय आणि अडथळे दोन्ही टिकून आहेत.

चीनमध्ये कोणती परदेशी ॲप बंद आहेत?

यूट्यूब, फेसबुक आणि ट्विटर २००९ पासून. इन्स्टाग्राम सप्टेंबर २०१४ पासून, हाँगकाँगच्या आंदोलनाच्या वेळी. व्हॉट्सॲप २०१७ पासून. सिग्नल २०२१ पासून. एप्रिल २०२४ मध्ये सरकारी आदेशावरून ॲपलने व्हॉट्सॲप, थ्रेड्स, सिग्नल आणि टेलिग्राम चिनी ॲप स्टोअरवरून काढली. त्याआधी २०१७ मध्ये तिथून व्हीपीएनची ॲप काढली होती. गूगल प्ले तिथे नाहीच. अँड्रॉइडवाले ह्वावे, शाओमी, ओप्पो, व्हिवो यांच्या स्टोअरवरून ॲप घेतात.

लिंक्डइनची गोष्ट वेगळी. ते नियम मान्य करून २०१४ मध्ये चीनमध्ये गेलं, काही पत्रकारांची पानं तिथे अडवल्याने टीका झेलली, २०२१ मध्ये मूळ सेवा गुंडाळून नुसत्या नोकऱ्यांचं ॲप काढलं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तेही बंद केलं.

भारतातून यातलं काय वापरता येतं?

२९ जून २०२० ला केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली ५९ ॲप बंद केली. त्यात टिकटॉक, वीचॅट, वेइबो, हेलो आणि क्वाय होती. नोव्हेंबर २०२० च्या ४३ ॲपच्या यादीत अलीएक्सप्रेस आणि स्नॅक व्हिडिओ आले. ही बंदी उठलेली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये काहीजणांना टिकटॉकचं संकेतस्थळ उघडताना दिसलं आणि अफवा पसरली. सरकारने लगेच खुलासा केला की बंदी कायम आहे.

बंदीनंतर लगेच 'टिकटॉक प्रो' नावाची खोटी फाइल व्हॉट्सॲप आणि एसएमएसवरून फिरली. राज्य पोलिसांच्या महाराष्ट्र सायबर विभागाने तेव्हाच सावध केलं होतं. तसल्या फायली वेगवेगळ्या नावांनी पुन्हा येतात. लिंकवरून आलेली एपीके (अँड्रॉइड ॲपची) फाइल फोनवर चढवू नका. कॅमेरा, संपर्क आणि एसएमएसची परवानगी दिलीत की ओटीपी दुसऱ्याच्या हातात.

मराठी कलाकारांचं सांगायचं तर प्रेक्षक हलवता आला नाही, हाच खरा फटका होता. अनुयायांची यादी टिकटॉकवरून उचलून दुसरीकडे नेण्याची सोय नव्हती. जुलै २०२० मध्ये भारतात रील्स आणि मोज आलं, सप्टेंबरमध्ये यूट्यूब शॉर्ट्सची चाचणी भारतातच पहिल्यांदा सुरू झाली. सगळ्यांनी शून्यापासून मोजायला सुरुवात केली.

चीनला जाणार आहे. फोनची काय तयारी करू?

रोमिंगचं गणित आधी समजून घ्या. भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं, तर तुमचा डेटा बहुधा भारतातल्या कंपनीच्या जाळ्यातून फिरून येतो. म्हणून चीनमध्ये असूनही व्हॉट्सॲप, जीमेल, गूगल चालतात. पण याच कारणाने भारतात बंद असलेली वीचॅटसारखी ॲप त्या जाळ्यावर अडू शकतात. हॉटेलच्या वाय-फायवर नेमकं उलटं: वीचॅट धावतं, व्हॉट्सॲप मरतं. लांबचा मुक्काम असेल तर पासपोर्टवर चिनी सिम घ्या आणि दोन सिमच्या फोनमध्ये दोन्ही ठेवा.

ॲप स्टोअर तुम्ही कुठे उभे आहात हे बघत नाही, ॲपल खात्याचा देश कोणता आहे ते बघतं. तो बदलायचा तर खात्यातली शिल्लक संपवावी लागते आणि चालू वर्गणी बंद करावी लागते. हे विमानतळावर सुचून उपयोगाचं नाही.

पैशांसाठी: जुलै २०२३ पासून वीचॅट पे आणि अलीपेला व्हिसा-मास्टरकार्ड जोडता येतं. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यावर ३ टक्के. म्हणून ३५० युआनचं बिल असेल आणि दुकानदार तयार असेल, तर दोन भागांत द्या. २०२४ मध्ये एका व्यवहाराची मर्यादा ५,००० डॉलर आणि वर्षाची ५०,००० डॉलर केली. परदेशी कार्डवरून माणसाला थेट पैसे पाठवता येत नाहीत, लाल पाकीटही (भेट म्हणून पाठवायचे पैसे) नाही. फक्त दुकानाला देता येतात. कार्ड जोडताना नाव पासपोर्टवर आहे तस्संच लिहा, मधलं नाव गाळलं तरी पडताळणी फसते. वडिलांचं नाव मध्ये लिहायच्या आपल्या पद्धतीमुळे हे फार वेळा घडतं. निघण्याआधी बँकेच्या ॲपमधून कार्डाचे आंतरराष्ट्रीय आणि ऑनलाइन व्यवहार चालू करा, नवीन कार्डावर ते मुळात बंदच असतात.

आमच्या मालाची जाहिरात चिनी ॲपवर करायची आहे. काय चुकतं?

इन्स्टाग्रामची पोस्ट भाषांतर करून चिकटवली की बहुधा तिथेच चुकतं. चीनच्या जाहिरात कायद्यात 'सर्वोत्तम', 'सर्वोच्च', 'राष्ट्रीय दर्जाचं' अशा शब्दांना बंदी आहे. दंड २ लाख ते १० लाख युआन. 'जगातला एक नंबर हापूस' हे वाक्य इथे कितीही खपलं तरी तिथे महागात पडेल.

डोयिन किंवा शाओहोंगशूच्या माहितीत व्हॉट्सॲप नंबर, वीचॅटचं नाव किंवा क्यूआर कोड टाकू नका. गिऱ्हाईक बाहेर पळवणं हा तिथे मोठा गुन्हा मानतात आणि पोस्टची पोहोच गपचूप कापली जाते. लोक त्यासाठी वीचॅटऐवजी 'व्ही' किंवा 'हिरवा बुडबुडा' लिहितात, पण गाळणीलाही ते शब्द पाठ झालेत. नकाशा तर वापरूच नका. भारताला मान्य असलेला नकाशा तिथे चालत नाही आणि तिथला इथे. यंत्राने बनवलेलं चित्र किंवा आवाज असेल, तर १ सप्टेंबर २०२५ पासून तशी खूण करणं चीनमध्ये सक्तीचं आहे.

वीचॅटवर कंपनीचं अधिकृत खातं दोन प्रकारचं असतं. 'सदस्यता' खात्यावरून रोज एकदा मजकूर पाठवता येतो, पण तो वाचकाच्या यादीत एका कप्प्यात जाऊन पडतो. 'सेवा' खात्यावरून महिन्यातून चारच वेळा पाठवता येतो. थोडा माल आणि ठरलेली गिऱ्हाइकं असतील तर सेवा खातंच घ्या.

टिकटॉकचा डेटा चीनमध्ये जातो का?

कंपनी वर्षानुवर्षं सांगत आली की साठवण चीनबाहेर आहे. पण साठवण कुठे आणि कोण कुठून उघडून बघू शकतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मे २०२५ मध्ये आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने टिकटॉकला ५३ कोटी युरोंचा दंड केला, तो युरोपातल्या लोकांचा डेटा चीनमध्ये नेण्याबद्दल. चीनमधले कर्मचारी दूरवरून तो पाहू शकत होते हा त्यातला कळीचा मुद्दा. चीनचा २०१७ चा राष्ट्रीय गुप्तवार्ता कायदा तिथल्या संस्थांना सरकारी कामात सहकार्य करायला सांगतो, म्हणून इतर देशांची सरकारं या 'कुठून' वर एवढी अडून बसतात.

अशा जोड्या आणखी कोणत्या आहेत?

व्हिडिओ जोडण्याचं कॅपकट बाहेर, जियानयिंग चीनमध्ये, दोन्ही बाइटडान्सची. त्याच कंपनीचं कार्यालयीन कामाचं लार्क बाहेर आणि फेइशू आत. खाती वेगळी, त्यामुळे चिनी कंपनीने फेइशूचं आमंत्रण पाठवलं तर लार्कच्या खात्याने आत जायची धडपड करू नका. छोट्या व्हिडिओंच्या क्वायशोउचं बाहेरचं नाव क्वाय, जोर ब्राझीलमध्ये; काही देशांत तेच स्नॅक व्हिडिओ. बिलिबिली या व्हिडिओ ॲपची आग्नेय आशियासाठी वेगळी आवृत्ती आहे, तिच्यावर मुख्यतः ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मिळतं. चीनमधल्या मूळ बिलिबिलीवर पूर्ण सदस्य व्हायचं तर १०० प्रश्नांची परीक्षा द्यावी लागते आणि ६० गुण लागतात. परीक्षा चिनी भाषेत असते.